घर पाहायला सोहारला

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलगा नको असं मी म्हटलंय का? घर दाखव म्हणते. एवढंच!

आज पुन्हा शुभमचा फोन. आमच्या मयुरीने स्पीकरवर टाकला. "काकू, तुम्ही याच. ओमान बघून घ्या. मस्कतला दोन दिवस, मग वाळवंटात तंबूत एक रात्र, मग समुद्राकाठी एखादं रिसॉर्ट." सगळं सांगून झालं. माझ्या घरी उतरा, हे एक सोडून!

आमच्या खानदेशात साखरपुड्याआधी मुलीकडचे घर पाहायला जातात. चूल कुठे, पाणी किती वेळ येतं, मोरीला दार आहे का, नवराबायकोला झोपायला वेगळी जागा आहे का — सगळं. शहाद्याला त्याच्या आईचं घर पाहून आलो, त्यात खोट नाही. पण मयुरी काय शहाद्याला राहणार आहे? राहणार ओमानला, सोहार म्हणून गाव आहे तिथे. शुभम तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये फ्रीज-एसीचा मेकॅनिक आहे. मग घर तिथलंच पाहायला हवं ना!

म्हणून तर निघालोय. इथे सुरतेत, डिंडोलीत सगळ्यांना सांगितलंय की फिरायला चाललो. सहा डिसेंबरचं तिकीट आहे. परत आलो की चौदाला साखरपुडा. घर पटलं तर.

५ नोव्हेंबर, बुधवार

चंचलबेनच्या ऑफिसात गेले होते. त्या टूरवाल्या, गुजराती, बोलायला गोड. एवढं गोड की मला आधीच शंका.

उतरायच्या जागांची यादी दिली. वाळवंटातला तंबू दाखवला — गालिचे, कंदील, मऊ गाद्या. मी विचारलं, संडास कुठे? त्या हसायला लागल्या. "रंजनाबेन, अंदरज छे, बधू अंदर." तंबूच्या आत संडास! मग वास कुठे जातो? त्याचा फोटो का नाही काढला? समुद्राकाठच्या हॉटेलाला लोकांनी पाच तारे दिलेत. वीस जणांनी लिहिलंय आणि वीसही जणांनी सकाळच्या नाश्त्याची तारीफ केली आहे. खोलीबद्दल एक अक्षर नाही. ज्याबद्दल कोणी बोलत नाही तिथेच पाणी मुरत असतं.

मी सोहारला दोन दिवस हवेत म्हणून सांगितलं. चंचलबेन म्हणाल्या, तिथे टुरिस्ट फारसे थांबत नाहीत. म्हटलं, आम्ही थांबणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मयुरीला सहज विचारलं, तू शुभमचं घर पाहिलंस का व्हिडिओवर? "हो ना मम्मी, मस्त छे." आणि लगेच उठून केस धुवायला गेली. कालच धुतले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज शेवटी दाखवलं त्याने. दुपारी व्हिडिओ कॉल. हॉल, एक बेडरूम, किचनला हिरव्या टाइल्स. लाकडी सोफा. भिंतीवर जहाजाचं चित्र, सोनेरी फ्रेमचं, डाव्या बाजूला जरा खाली झुकलेलं. किचनच्या उंबऱ्यापाशी एक फरशी कोपऱ्यात तुटलेली.

हे, मयुरीचे पप्पा, तर खूशच. "बेस शे, बेस शे" चाललं होतं यांचं. एरवी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेतात, आज एक प्रश्न नाही विचारला!

मी विचारला. म्हटलं, शुभम, तेल-मिठाचे डबे कुठे ठेवतोस? तो इकडे बघतो, तिकडे बघतो. मग म्हणाला, "काकू, मी जास्त करून बाहेरच खातो." बरं. पण ओट्यावर कपही नाही? दाराशी चप्पल नाही? दोरीवर बनियन नाही? एकट्या पुरुषाचं घर इतकं स्वच्छ मी जन्मात पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मी सरळ बोलले. म्हटलं, आम्ही तुझ्याकडेच उतरतो. मी आणि मयुरी आत झोपू, तू आणि काका हॉलमध्ये. आपलं माणूस गावात असताना हॉटेलात उतरलो तर उद्या तुझी आईच नावं ठेवेल.

"काकू, तेव्हा नेमकं पाइपचं काम निघालंय. पाणी नसेल."

डिसेंबरमध्ये पाणी नसणार हे त्याला नोव्हेंबरातच कळलं! मयुरी माझ्याकडे बघत नव्हती. हे म्हणाले, "पोरगाले कसाले तरास देस तू? हॉटेल करी टाक." यांनी आयुष्यात हॉटेलात उतरायचं नाव काढलं नाही. सप्तशृंगीला गेलो तरी धर्मशाळा. आता ओमानमध्ये हॉटेल!

या तिघांना काहीतरी माहीत आहे आणि मला माहीत नाही, असं वाटायला लागलंय. उगाच वाटतं की काय, तेही कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार



तपासायला आणलेला साड्यांचा लॉट लवकर संपला म्हणून दुपारी मोबाइल घेऊन बसले. सोहारमध्ये उतरायच्या जागा बघत होते, शुभमच्या घराजवळ काही मिळतं का म्हणून. हॉटेलं झाली, मग भाड्याची घरं आली. दिवसाच्या भाड्याने देतात ती, टुरिस्टांना. चौथं की पाचवं घर असेल. हिरव्या टाइल्स.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. लाकडी सोफा. जहाजाचं चित्र, सोनेरी फ्रेम, डाव्या बाजूला झुकलेलं. पुढचा फोटो किचनचा — उंबऱ्याशी तुटलेली फरशी.

सव्वीस वर्षं साड्या चेक करते मी. सहा वार कापडात एक धागा तुटलेला असला तरी माझी नजर तिथेच जाऊन अडकते. फरशी कशी चुकेल? तेच घर आहे. त्याचं नाहीच ते. कोणाचं तरी घर दाखवलं त्याने आम्हाला.

मयुरीला सांगितलं नाही. यांनाही नाही. पोरीचा साखरपुडा एका महिन्यावर आलाय आणि मुलगा खोटा निघाला!

१६ नोव्हेंबर, रविवार

झोप नाही. रडू नाही येत, राग येतो.

हे सगळं मी एकदा पाहिलंय. माझ्या लग्नाआधी माझे बाबा आणि काका शिरपूरहून सुरतला आले होते घर पाहायला. त्यांना लिंबायतला पक्की खोली दाखवली. पंखा, लोखंडी कपाट, नळ दारात. बाबा गावी येऊन सगळ्यांना सांगत सुटले, रंजी सुखात राहील. लग्न होऊन आले तर कापडाच्या लूमच्या मागे एक खोली, त्यात हे, दोन दीर आणि गावचे तीन जण. मध्ये साडीचा पडदा बांधलेला. रात्रंदिवस लूमचा खडखडाट. मी पहिल्याच दिवशी विचारलं, कपाट कुठे आहे? सगळे हसले. ते घर यांच्या मुकादमाचं होतं, एका दिवसापुरतं मागून घेतलेलं. सासूबाईंनी केलं असणार असं मी धरून चालले. त्या वारल्या, मग विषयच संपला.

बाबांना मी कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत त्या कपाटाचं कौतुक करत होते.

माझ्या पोरीच्या बाबतीत हे होऊ देणार नाही. काय वाटेल ते होवो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चंचलबेनकडे गेले. ते घर दाखवलं, म्हटलं, हे आमच्या तारखांना मिळतं का विचारा. माझ्यासमोर विचारलं त्यांनी. लगेच उत्तर आलं. मिळतं. आमच्या तारखांना मिळतं आणि पूर्ण डिसेंबर मिळतं.

म्हणजे कोणी राहतच नाही तिथे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रात्री जेवताना यांना फोटो दाखवला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडेल, शहाद्याला फोन जाईल. हे भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "मीठ जास्त व्हयनं आज." मीठ बरोबर होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

यांचा मोबाइल आज घरीच चार्जिंगला राहिला होता. मी कधी बघत नाही, आज बघितला. शुभमचे फोन — एक नाही, दोन नाही, ऑक्टोबरपासून अकरा. हे सकाळी पाळी संपवून मिलमधून निघतात त्या वेळचे.

कामावरून आले तसे समोर मोबाइल ठेवला. चहा दिला नाही. यांनी मोबाइल उलटा करून ठेवला. मग एकदम म्हणाले, "मीच सांगं त्याले."

म्हटलं, काय सांगितलं?

तर शुभम यांना खरं सांगून बसला होता. कंपनीच्या खोलीत राहतो, चार जणांत. काकूंना कसं सांगू म्हणून विचारत होता. आणि यांनी त्याला सल्ला दिला — "ती खोली दखाडू नको, ती नही म्हनी. दुसरानं घर दखाड. लगीन व्हई गयं का बाईले पटस." भाड्याचं घर एका दुपारपुरतं घ्यायचं, हेही यांनीच सुचवलं. पोरगा तयार नव्हता, यांनी तयार केला.

मी विचारलं, मुकादमाची खोली? तीही तुम्हीच?

"मंग कोन? माय बिचारी नही म्हने. पन तुले बी पटनंच ना."

असं म्हणाले. तुलाही पटलंच ना! अठ्ठावीस वर्षं या माणसाला वाटत होतं की मला पटलं होतं. मी भांडले नाही, माहेरी निघून गेले नाही, दोन लेकरं वाढवली, म्हणजे पटलं. हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगत होते, खोटेपणा नव्हता. त्याचाच जास्त राग आला मला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

यांच्याशी बोलले नाही. स्वयंपाक केला, ताट ठेवलं. दोन वेळा "रंजना" म्हणून हाक मारली. मी भांडी घासत राहिले.

साखरपुडा मोडायचा. उद्या मयुरीला सांगायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. ते घर शुभमचं नाही म्हटलं. ती रडेल म्हणून तिच्याकडे न बघता बोलले.

"माहिती आहे मम्मी. त्याची खरी खोली तर स्थळ आलं त्या पहिल्या आठवड्यापासून." मोबाइल पुढे केला. एक खोली, एकावर एक दोन-दोन लोखंडी खाटा, खिळ्यांना शर्ट, दाराशी चपलांचा ढीग. "त्यानेच पाठवला होता. म्हणाला, आधी ही खोली बघ, मग हो-नाही सांग. मी बघून हो म्हटलं. फॅमिली क्वार्टर मिळेपर्यंत मी इथेच सुरतला राहून नोकरी करणार, आमचं ठरलंय. पप्पांचं ऐकून त्याने तुला फसवलं म्हणून मी दोन दिवस भांडले त्याच्याशी. पण तुला सांगायची हिंमत मलाही झाली नाही."

मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला.

चंचलबेनना फोन करून सोहारला साधं हॉटेल करायला सांगितलं, त्याच्या खोलीपासून जवळात जवळ. साखरपुडा चौदालाच.

मला तेव्हा कोणी ती लूममागची खोली दाखवली असती, तर मीही हो म्हटलं असतं. मला कोणी विचारलंच नाही.