मुलुंडच्या घरातला ई-सिक्स

आई,

बाबांच्या खोलीत आता एसी आहे. तू असतीस तर तो बसवायला आलेल्या माणसाला भिंतीला भोक कुठे पाडणार, पाणी कुठे सोडणार, वायर कुठून नेणार असं एकेक विचारून घाम फोडला असतास. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी तूच आठवतेस, कारण त्या दिवशी घरात विचारणारं कोणी नव्हतं. ताईला चेंबूरहून निघता आलं नाही आणि मी बोरिवलीहून पोचेपर्यंत काम उरकून माणसं गेलीही होती. बाबा गार वाऱ्याखाली डोळे मिटून बसले होते. त्यांचं हृदय आता पूर्वीसारखं नाही. उन्हाळ्यात खोली तापू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. एरवी या घरात एसी आला नसता.

मी घरी परतलो, तर त्याच संध्याकाळी बाबांचा फोन. "अरे, गार वारो येणा नाय. आकड्याच्या जागेर भलताच कायतरी दिसता." भलतंच म्हणजे इंग्रजी ई आणि पुढे सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा मेकॅनिक आला तेव्हा मी तिथे होतो. त्याने रिमोट दाबला आणि एसी मुकाट चालू झाला, खोली गार पडली. "चालू तर आहे, साहेब," तो म्हणाला. ई-सिक्स म्हणजे काय ते विचारलं, तर म्हणाला, "आतल्या युनिटचं आणि बाहेरच्या युनिटचं बोलणं बंद. आतला विचारतो, बाहेरचा उत्तरच देत नाही. मग आतला थोडा वेळ थांबतो आणि एरर टाकतो." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला तिथेच शंका आली. तो गेला, त्याच संध्याकाळी पुन्हा ई-सिक्स.

पुढच्या खेपेला त्याने व्होल्टेजचं कारण दिलं. त्यानंतर उंदराने वायर कुरतडली असेल म्हणाला, पण वायरवर दाताची खूण मला काही दिसली नाही. शेवटी बाहेरच्या युनिटचा बोर्ड बदलावा लागेल, यावर तो आला. दर वेळी दुपारी यायचा, दर वेळी एसी ठणठणीत असायचा, आणि दर वेळी संध्याकाळी तेच. पेपरातल्या नोकरीत एकाच घटनेची तीन वेगवेगळी कारणं सांगणारी माणसं मी रोज फोनवर ऐकतो, त्यामुळे माझा ग्रह पक्का झाला. हा मुद्दाम काहीतरी सैल ठेवून जातो, म्हणजे पुन्हा बोलावणं येईल. मग मी तुझ्यासारखा त्याच्या शिडीजवळ स्टूल घेऊन उभा राहिलो. तो वरून म्हणाला, "साहेब, तुम्ही पण याच लाइनमध्ये काय?" म्हटलं, "नाही, पेपरमध्ये." "मग ठीक. फक्त छापू नका."

ताईचा संशय वेगळ्याच दिशेने चालला होता. तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "अरे, मशीनला काही झालेलं नाही. बाबाच काहीतरी दाबतायत आणि विसरतायत. आज रिमोट जमत नाही, उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर? मी त्यांना इकडे घेऊन येते. ते घर बंद कर." मी म्हटलं, "अगं, एसीच्या एररवरून माणसाला घरातून उठवायचं?" ती म्हणाली, "तू तिथे राहतोस का? मग बोलू नकोस." बाबांना चेंबूरला जायचं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. ताईकडे एकदा चार दिवस राहिले, तर दारातल्या चपला घालून बसून असायचे. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. मेकॅनिक खोटा असेल तर बरं, असं मला वाटायला लागलं होतं. तो खरा असला तर संशय घ्यायला मग बाबाच उरत होते.

त्या दिवसांत तुझं चेकिंग आठवत राहिलं. शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला तुझ्या औषध कंपनीत घेऊन गेली होतीस. लांब टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या सरकत येतायत, तू पांढऱ्या टोपीत बसली आहेस, आणि दिसायला चांगल्या असलेल्या पट्ट्याही अंगठ्याने दाबून बघते आहेस. मी विचारतो, ही तर बरोबर दिसते ना? तू मान वर न करता म्हणतेस, "दिसता. म्हणान बोट लावचा." हेच चेकिंग तू घरी आणलंस. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावलास की तुझी घरभर फेरी सुरू व्हायची. गॅसचा रेग्युलेटर, गीझर, इस्त्रीचा प्लग, बाल्कनीतलं धुण्याच्या मशीनचं बटण. प्रत्येकाला हात लावून बघायचीस. मी एकदा गॅस बंद केला म्हणून सांगितलं, तरी तू उठून बघून आलीस. मी चिडलो, "माझ्यावर विश्वास नाही का?" तू म्हणालीस, "विश्वास आसा रे. पण बघूक काय जाता?" त्या रात्री मी तुझ्याशी बोललो नाही.

मग एका रविवारी मी ठरवून संध्याकाळी मुलुंडला गेलो आणि बाबांच्या खोलीत एसीसमोर जाऊन बसलो. बाबांना वाटलं मला गरम होतंय. पडद्यावर चोवीसचा आकडा, वारा गार, सगळं सुरळीत. बाबा उठले, देवापाशी उदबत्ती लावली. मग त्यांच्या सपाता फटफटत स्वयंपाकघरात गेल्या, बाथरूमपाशी थांबल्या, बाल्कनीकडे वळल्या. तिथे एक बटण खटकन वाजलं. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. हळूहळू वाऱ्यातला गारवा गेला, नुसता पंख्यासारखा वारा येऊ लागला, आणि बघता बघता चोवीसच्या जागी ई-सिक्स उभा राहिला.

मी बाल्कनीत गेलो. बाहेरचं युनिट गप्प होतं. त्याची वायर ग्रिलवरून खाली आली होती आणि सरळ धुण्याच्या मशीनच्या बोर्डात गेली होती. बसवणाऱ्यांनी लांबवर वायर ओढायचा कंटाळा करून जवळच्या बटणावरच युनिट जोडून टाकलं होतं. कामाला येणारी बाई सकाळी मशीन लावताना ते बटण चालू करते. म्हणून मेकॅनिक येतो तेव्हा सगळं ठीक असतं. संध्याकाळी बाबा ते बंद करतात.

मी विचारलं, "बाबा, हे बटण तुम्ही रोज बंद करता?"

"मग? धुवूच्या मशीनचा बटण रातभर चालू ठेवूचा नाय, असा ती सांगान गेली हा," ते म्हणाले. तुला 'ती' म्हणण्याची त्यांची सवय अजून तशीच आहे. "तू काय चालू ठेवतंस घराकडे?"

मी त्यांना काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून बोर्ड दाखवला. त्याने जीभ चावली. "साहेब, बटण चालू होतं ना, म्हणून मी मागे बघितलंच नाही." त्याने युनिटला खोलीतून स्वतंत्र लाइन दिली. आता संध्याकाळी बाल्कनीत खटका वाजतो आणि त्याने काहीच बंद होत नाही. पडद्यावर चोवीस तसाच राहतो. ताईला मी वायरिंगचा घोळ होता एवढंच सांगितलं, जे खोटं नाही. बाबा काहीही विसरलेले नाहीत, हेही ठासून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, राहू देत तिकडे. पण तू जात जा."

तेव्हा जातो. आता शेवटचं, जे ताईला सांगितलेलं नाही आणि तुलाही पोचणार नाही. बाबांची फेरी झाली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जातो आणि रेग्युलेटरला हात लावून बघतो. आजवर प्रत्येक वेळी तो बंदच सापडला. कालही बंदच होता, पण हात तिथेच असताना मागे सपाता वाजल्या. बाबा दारात उभे होते. मी बाजूला झालो, तसे ते पुढे आले, रेग्युलेटर स्वतः एकदा फिरवून बघितला आणि परत खोलीत गेले.

मला थोडा राग आला.