पोहण्याची परीक्षा

अमेरिका,
२० ऑगस्ट १९९८

ती. आबांस,
नात करुणाचा सविनय जयभीम. वि. वि. मी युनिव्हर्सिटीत सुखरूप पोचले. दौंडहून निघताना आईने बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर अजून दिवस निघताहेत.

इथे तास सुरू व्हायच्या आधीच परीक्षा घेतात आणि कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवतात. गणितात मला पहिला वर्ग गाळून थेट दुसऱ्यात बसवलं. इंग्रजी निबंध मंगळवारी आहे, त्याचीही भीती नाही. पण आबा, तिसरी परीक्षा पोहण्याची आहे. तलाव न थांबता चार वेळा पार करायचा, त्याशिवाय डिग्री मिळत नाही. २५ सप्टेंबरला नापास झाले तर पोहण्याचा तास लागणार, तोही नेमका रसायनशास्त्राच्या प्रयोगांच्या वेळेला. ज्यासाठी एवढ्या लांब आले तेच वर्षभर पुढे जाईल.

मला पोहता येतं ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. चौथीच्या सुट्टीत तुम्ही विहिरीत शिकवलंत, त्यानंतर मी पाण्यात उतरलेच नाही. डबा चालेल का असं इथल्या बाईंना हातवारे करून विचारलं, तर त्या बराच वेळ हसत होत्या. मी मात्र फार घाबरले आहे. काय करू ते लगेच लिहा.

आजीला नमस्कार. दूर असले तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
करुणा

मांडवगण फराटा,
३ सप्टेंबर १९९८

चि. करुणास,
आबाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. आजीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, आसली कसली परीक्षा, पोरगी बुडाली म्हंजी डिग्री कुनाला देनार हायेत? मग म्हणाली, आता तरी खरं सांगा तिला.

तर ऐक. त्या सुट्टीत पहिले पंधरा दिवस तू डब्यावर पोहलीस. सोळाव्या दिवशी मी खिळ्याने डब्याला भोकं पाडली. आत पाणी भरायचं आणि तू तोऱ्यात या काठावरून त्या काठाला जायचीस. पायरीला हात लागला की डबा मी लगेच सोडून घ्यायचो, गळताना तुला दिसू नये म्हणून. शेवटचे आठ दिवस तुझ्या पाठीवर नुसतं ओझं होतं.

आम्हाला लहानपणी गावच्या विहिरीत उतरू देत नव्हते. मी पोहायला शिकलो ते भीमेत, पंचविशीत. आपली विहीर खणली तेव्हाच ठरवलं होतं, घरातलं लेकरू हिच्यात भीत उतरायचं नाही. म्हणून लबाडी केली. राग धरू नकोस.

आधी कंबरभर पाण्यात हातपाय मारून बघ. अंगाला आठवेल.

आजी तुझ्या नावाने रोज एक भाकरी जास्तीची थापते, ती मलाच खावी लागते.
तुझा,
आबा

अमेरिका,
२५ सप्टेंबर १९९८

ती. आबांस,
सविनय जयभीम. पत्र आठवड्यापूर्वीच मिळालं. आधी रागावले, मग खोलीत एकटीच हसत बसले. आठ वर्षं मला फसवलंत आणि आजीनेही तोंड उघडलं नाही.

रोज संध्याकाळी कंबरभर पाण्यात जात होते. तुम्ही म्हणालात तसं अंगाला आठवलं. आज परीक्षा झाली. तिसऱ्या फेरीला दम लागला, तेव्हा पाठीवरचा डबा आठवला. म्हटलं, ते ओझं घेऊन गेले होते, आता तर पाठ मोकळी आहे.

पास झाले, आबा. रसायनशास्त्र याच वर्षी. चौथी फेरी संपल्यावर बाईंनी शिट्टी वाजवली, बाहेर ये म्हणाल्या. पण मी वळून आणखी एकदा तलाव पार केला. ती फेरी परीक्षेत नव्हती. ती तुमची होती.

आजीला सांगा, भाकरी थापत राहा, मी येईपर्यंत आबांना खाऊ द्या.
तुमची,
करुणा