मोटरहोमचे सहा पासपोर्ट साइज फोटो

अल मुंतझा, दोहा
शुक्रवार, ९ मे २००८

चि. तसेच आदरणीय फादर रॉय यास,

थोरल्या भावाचा तुला जय ख्रिस्त आणि आशीर्वाद, दोन्ही. (पाकिटावर 'रेव्हरंड फादर' लिहिलं आहे, तुझ्या पोस्टमनसमोर तुझी शोभा नको म्हणून. आत मात्र 'चि.' राहणार, कारण तुझं नाक मी माझ्या शर्टाच्या बाहीने पुसलेलं आहे.) खोकला गेला का? ॲना विचारते की पाठवलेलं लोकरीचं जाकीट घालतोस की कोणा गरजूला देऊन मोकळा झालास. इकडे आम्ही खुशाल आहोत. ॲनाची हॉस्पिटलची ड्युटी नेहमीसारखीच. ॲश्लिन बारा वर्षांची झाली, आई मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तरी दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालतात, त्या कशा हे मला अजून उमगलेलं नाही. आईला आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालं. मार्चमध्ये इथे नवं चर्च उघडलं, तिथे दर शुक्रवारी तिला मिस्साला नेतो. (रविवारी इथे ऑफिस असतं, म्हणून आपला रविवार शुक्रवारी येतो. आईला हे पटलेलं नाही. ती रविवारी घरी बसून पुन्हा रोझरी म्हणते, म्हणजे खात्री राहते.)

आता मूळ विषय. जुलैत आम्ही आईला घेऊन तुला भेटायला जर्मनीला येतोय हे तुला फोनवर सांगितलंच आहे, पण कसे येतोय ते सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत आमच्या कंपनीतले जर्मन इंजिनिअर ब्रिंकमन साहेब आम्हाला सीलाइनच्या वाळूत घेऊन गेले होते. (मी त्यांचा डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे त्यांची ड्रॉइंग्ज हरवू नयेत यासाठी मला पगार मिळतो.) हिवाळ्यात इथले लोक वाळवंटात तंबू आणि कॅरॅव्हॅन लावून राहतात, तशी साहेबांनीही एक कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली होती. आई आत शिरली ती बाहेर येईना. नळ सोडून पाहिले, कपाटं उघडली, संडासाची उंची गुडघ्यांना झेपते का हे झाकण लावून बसून तपासलं, आणि शेवटी बिछान्यावर आडवी होऊन मला विचारलं, "ही रॉयकडे जाते का रे?"

साहेबांना मराठी येत नाही, पण आईचा चेहरा त्यांना वाचता आला असावा. मी भाषांतर केल्यावर म्हणाले, ही नाही जात, पण माझ्या भावाच्या कोठारात माझं मोटरहोम उभं आहे, १९८८ सालचं, डिझेलचं, ते जुलैत तुम्ही वापरा. मोटरहोम म्हणजे कॅरॅव्हॅनसारखंच चाकांवरचं घर, फक्त ओढायला वेगळी गाडी लागत नाही. त्या दिवसापासून आई बदलली. हॉटेल नको, दुसऱ्याचा संडास नको, पेजेला पातेलं आपलं आणि सुकटीच्या वासाला नाक मुरडणारं शेजारी कोणी नाही. सात वर्षांनी रॉयला बघणार, तेही आपल्या घरात बसून, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

पण एप्रिलमध्ये साहेब एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. तुमच्या कोलोन शहराने जानेवारीपासून मधल्या भागाभोवती एक हद्द आखली आहे म्हणे. गाडी किती धूर सोडते त्यावरून तिला लाल, पिवळं किंवा हिरवं स्टिकर मिळतं, आणि जिला कुठलाच रंग मिळत नाही तिने हद्दीच्या आत यायचं नाही. १९८८च्या डिझेलला रंग नाही. आणि तुझं चर्च, तुझं घर, सगळं हद्दीच्या मधोमध. (हे तुला माहीत असणार. फोनवर बोलला का नाहीस? सायकलवर फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या सायलेन्सरची काळजी नसते हेच खरं.)

मला खरं तर राग यायला हवा होता, पण आधी कुतूहलच वाटलं. इथे अर्धं शहर खणलेलं आहे, उरलेलं अर्धं खणायच्या रांगेत उभं आहे, आणि वारा सुटला की समोरची इमारत दिसत नाही. अशा गावात राहणाऱ्या माणसाला, गाडीला आत घेण्याआधी तिचा श्वास तपासणारं शहर कसं असेल असं वाटणारच. हद्दीबाहेरचा धूर वाऱ्याबरोबर आत आला तर दंड कोणाला? आईला तर माझ्याहून जास्त प्रश्न पडले. तू मिस्साला धूप जाळतोस, त्या धूपदानीला कोणता रंग मिळाला आहे, हे तिने आवर्जून विचारायला सांगितलं आहे. साहेबांनी आणखी एक गंमत सांगितली. गाडी तीस वर्षांची असती तर तिला पुराणवस्तू म्हणून मानाने आत घेतलं असतं. आपली फक्त वीस वर्षांची, म्हणजे ना तरुण ना म्हातारी. त्यावर आई म्हणाली, मी चौऱ्याहत्तरची आहे, मला मानाने घेतात का ते विचार, कारण गाडीसाठी आणखी दहा वर्षं थांबायला मला जमणार नाही. हे ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

मग मी स्वतः धूर तपासायचं ठरवलं. पद्धत साधी होती. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल बांधायचा, इंजिन तीन मिनिटं चालवायचं, रुमालावर नंबर आणि तारखेची चिठ्ठी टाचायची. (ड्रॉइंगवर टाकतो तसा मी रिव्हिजन नंबरही टाकला, सवय जात नाही.) आपल्या जुन्या गाडीचा रुमाल चहाच्या रंगाचा निघाला. खालच्या बेकरीच्या व्हॅनचा कॉफीच्या. पाण्याच्या टँकरचा रंग पाद्रीबुवांना लिहिण्यासारखा नाही.

त्यानंतर एक मोठी पांढरी जीप दिसली, इंजिन चालू, आत कोणी नाही. मी बाह्या सरसावून, हातात रुमाल घेऊन मागे वाकलो, तेवढ्यात मालक आले. इथे पार्किंगमध्ये फडकं घेऊन गाड्या पुसणारे लोक असतात, आणि त्या क्षणी माझ्यात आणि त्यांच्यात काहीच फरक नव्हता. "यल्ला, काच पण," म्हणजे चल, आटप, एवढं बोलून ते दुकानात गेले. मी खुलासा करायला हवा होता. पण इंजिन चालू होतं, नमुना हवा होता. म्हणून रुमाल बांधला आणि मग नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून काच पुसली. मग बॉनेट. ते परत आले, खूश झाले, ताकाची थंडगार बाटली माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या शनिवारी यायला सांगून गेले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई आणि ॲश्लिन सगळं पाहत होत्या. ॲश्लिन म्हणाली, "डॅडी, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग." आई म्हणाली, आपली गाडी तू इतकी मन लावून कधी पुसली नाहीस. जीपचा रुमाल मात्र जवळजवळ पांढराच राहिला. नवी गाडी स्वच्छ, जुनी काळी, आणि नवी कोणाला परवडते हे आपल्याला ठाऊक आहे. तक्रार करत नाही. तुझा खोकला आठवला की वाटतं, त्या शहराचं बरोबरच आहे. (त्या रुमालांतले दोन तू नाताळात आईला पाठवलेले होते हे मला नंतर कळलं. टँकरचा डाग अजून गेलेला नाही.)

ही हकिगत ऑफिसात सांगितली आणि नसरुद्दीनने प्रकरण हातात घेतलं. तो आमचा मंदूब, म्हणजे कंपनीचे कागद सरकारी कचेऱ्यांतून फिरवून आणणारा माणूस. मूळचा रत्नागिरीचा, वीस वर्षं दोह्यात, आणि शिक्क्याने उघडत नाही असं दार जगात नाही यावर त्याची श्रद्धा आहे. म्हणाला, "भाऊ, इंजिन जुना असूं दे, फाइल नवी पायजे." फाइल झाली. मालकाचा ना-हरकत दाखला. गाडीने वीस वर्षांत कोणाला इजा केली नाही असं चारित्र्याचं प्रमाणपत्र. (लस टोचल्याचा कागद नाही म्हणून तो दोन दिवस अस्वस्थ होता.) आणि फोटो. साहेबांच्या भावाने ईमेलवर पाठवलेला फोटो आम्ही मुंतझातल्या स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने पाठीमागचं कोठार, झाडं, एक गाय, सगळं काढून पांढरी पार्श्वभूमी दिली आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत या नियमाने दोन्ही बाजूंचे आरसे नीट दाखवले. सहा प्रती, पासपोर्ट साइज.

अरबी भाषांतर करून फाइल इथल्या सरकारी कचेरीत एका खिडकीवर दिली. तिथल्या माणसाने बिछाना, शेगडी आणि संडास वाचून, हे घर आहे, घरांच्या खिडकीवर जा म्हणून सांगितलं. घरांच्या खिडकीने चाकं पाहून परत पाठवलं. असे तीन फेरे झाले. चौथ्या फेऱ्यात एका वयस्क कारकुनाने विचारलं, हे सगळं कशासाठी? नसरुद्दीन म्हणाला, यांच्या आईला मुलाला भेटायचं आहे. कारकुनाने चष्मा लावून अख्खी फाइल वाचली आणि शेवटच्या पानावर एक गोल शिक्का मारला. शिक्क्यात फक्त 'पाहिले' असं लिहिलेलं आहे.

ब्रिंकमन साहेबांनी फाइलचं पान न्‌ पान आदराने उलटलं, डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, शिक्क्याने धूर कमी होत नाही. पण हद्दीच्या बाहेर नदीकाठी कॅम्पिंगची जागा आहे, गाडी तिथे लावा आणि ट्रामने जा, वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं! हे आधी का नाही बोललात विचारलं, तर म्हणे, तुम्ही स्टिकरचं विचारत होता. मी उड्या मारत घरी आलो. आईने ऐकून घेतलं आणि ट्राममध्ये बसणार नाही म्हणून सांगितलं. गुडघे. (मागच्या आठवड्यात सूक वाकिफच्या बाजारात दोन तास हिंडली, तेव्हा गुडघे कुठे होते देव जाणे.)

तेव्हा तुला विनंती अशी की गळ्यात पांढरी कॉलर घालून तुमच्या नगरपालिकेत जा, आणि शनिवार १९ जुलै या एका दिवसासाठी गाडीला आत यायचा परवाना मागून बघ. पाद्रीला नाही म्हणायला लोक संकोचतात. मला संकोचत नाहीत. ॲना आणि ॲश्लिनचा नमस्कार.

तुझा थोरला भाऊ,
सबॅस्टियन

ता. क. परवान्याचं राहू दे. पत्र नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वसईहून इथे मी आले, इथून तिकडे मी जाते. शेवटची वीस मिनिटं त्याची." बाबांच्या मातीला तू पोचला नाहीस म्हणून ती रागावली आहे असं तुला वाटतं, आणि म्हणून तू घरी येत नाहीस, असं तिचं म्हणणं. ती रागावलेली नाही. कधीच नव्हती. मी होतो, पण आता मीही नाही. हे लिहू नकोस असं तिने बजावलं आहे, म्हणून लिहितो.

दुसरा ता. क. जुलैत एक तासही पॅरिश सोडता येणार नाही असं तू फोनवर म्हणाला होतास. ॲश्लिनने कॉम्प्युटरवर सगळा नियम वाचून काढला. आत जाणाऱ्या गाडीला रंग लागतो. बाहेर येणाऱ्या माणसाला काही लागत नाही.

शेवटचा. फाइलमध्ये पाच फोटो राहिले, सहावा सोबत पाठवतो आहे. ट्राममधून उतरलास की ताडून बघ, गाडी चुकायची नाही. पुढून दुसरी खिडकी आईने आताच धरून ठेवली आहे. येताना दोन स्वच्छ रुमाल आण. तिचे मी खराब केलेत, आणि त्या दिवशी तिला लागतील.