उलटगावचा बिनचूक नकाशा

३ जून, सकाळी ७
आजपासून शिस्त. रोज पहाटे पाचला उठायचं आणि उलटगावचा नकाशा काढायचा. (आज सात वाजले. पहिला दिवस धरायचा नाही.) उलटगाव म्हणजे टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतलं गाव. मालिका बावीस वर्षं चालू, पण गावाचा धड नकाशा कुणाकडे नाही. मी ऑफिसात तीस वर्षं रस्त्यांचे नकाशे काढतोय. मी नाही तर कोण?

४ जून
लेकीचं लग्न झाल्यापासून तिची खोली नुसती अडून होती. पलंग गच्चीवर टाकला. आता मधोमध पुठ्ठ्याचं उलटगाव, भिंतीला फळ्या, फळ्यांवर संग्रह: मग, मोजे, कीचेन, उलटगावच्या नगराध्यक्षांच्या डोक्याची किटली. नाक हीच तोटी. ही म्हणाली, किटली गळते. संग्रहातल्या वस्तूत चहा करू नये, एवढंही हिला कळत नाही.

७ जून
मोठा शोध! न्हाव्याचं दुकान मालिकेच्या काही भागांत बँकेशेजारी, काही भागांत शाळेमागे. मालिका काढणाऱ्या कंपनीला चार पानी पत्र धाडलं.
लेकीचा फोन आला. तिला न्हाव्याचं प्रकरण पाऊण तास समजावलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. ऐकावं तर असं.

११ जून
कंपनीचं उत्तर. आपल्या प्रेमाबद्दल आभार, सोबत मोज्यांवर सूट. न्हाव्याबद्दल अवाक्षर नाही. घाबरलेत.
पहाटे उठणं सोमवारपासून.

१४ जून
वाचनालयाचा हॉल मिळाला. रविवारी माझं व्याख्यान, 'उलटगावची नगररचना'. पन्नास खुर्च्या सांगितल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, दहा पुरतील. बाईंची झेपच तेवढी.
लेकीचा फोन. उद्या येतेय. न बोलावता!

१५ जून
लेक आली. तीन मोठ्या बॅगा. एका व्याख्यानासाठी तीन बॅगा, याला म्हणतात निष्ठा. जावई आले नाहीत. त्यांना कार्टूनमधलं काही कळत नाही. लेकीची सोय सोफ्यावर केली. ही माझ्याशी बोलत नाही. उद्याचं टेन्शन असणार.

१६ जून
व्याख्यान झालं. हजर: ही, लेक, ग्रंथपालबाई आणि पंखा दुरुस्त करणारा, तो शिडीवर. मोजके पण दर्दी. शेवटी लेकीनं विचारलं, बाबा, या गावातून बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे? म्हटलं, नाहीच. बावीस वर्षांत कुणी बाहेर पडलेलं नाही. तिला रडू फुटलं. माझ्या वाणीत काहीतरी आहे खरं.

१७ जून
ही बोलली. एकदाच, पण पुरलं. लेक परत जाणार नाही. जावई हात उचलतो. बरेच महिने. त्या न्हाव्याच्या दिवशी तेच सांगायला तिनं फोन केला होता.
ऑफिसला गेलो नाही. पुठ्ठ्याचं गाव उचलून गच्चीत ठेवलं. पलंग खाली आणताना जिन्यात अडकला. दुसरी बाजू लेकीनं धरली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, लहानपणी तू मालिकेचा एक भाग चुकवायची नाहीस.
ती म्हणाली, मला ती मालिका कधीच आवडली नाही बाबा. तेवढा अर्धा तास तुम्ही शेजारी बसायचात, म्हणून बघायचे.
पलंग तसाच अडकलेला. दोघं पायरीवर टेकलो. ती सांगत गेली. मी मध्ये बोललो नाही.