ओवलेल्या दहा सुया

७ फेब्रुवारी २००६, मंगळवार

नेऊन सोडलंच शेवटी चारुताने! सूनबाईंचं म्हणणं – "आई, घरात बसून सगळ्यांना बोलत असता, त्यापेक्षा जा." शुगर लँडच्या आमच्या घरून तासभर गाडी. मागच्या महिन्यात लायब्ररीत ते गाणारे आले होते – काळ्या लोकांची ऑपेराची कंपनी. शाळांमधून, म्हाताऱ्यांच्या होममधून फुकट गाऊन दाखवतात. त्यांनी विचारलं, शिवण कुणाला येतं का. चारुताने माझा हात वर केला. अगदी धरून!

अमेय म्हणाला, "आई, तो एरिया कसाय ते बघून घे हं." बघितला. चर्च आहे, मागे लांब खोली आहे, चार मशिनं आहेत. चाळीसगावात ज्या खोलीत तीस वर्षं ब्लाउज शिवले ती याच्या निम्मीही नव्हती. एरिया म्हणे!

कपड्यांची मुख्य बाई अर्नेस्टीन. सत्तरी उलटलेली. सुहासिनी तिच्या तोंडात बसेना. "मिस सू" केलं माझं. असू दे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

तिचं बोलणं मला कळत नाही, माझं तिला. भांडणाची सोयच नाही. कात्री, सुई, टेप – एवढ्यावर भागतं.

आज एक पाहिलं. सुई ओवताना ती सुईकडे बघतच नाही. दोरा ओठांत ओला करते आणि बोटाने भोक शोधते. सहा वेळा चुकली. मी समोरच बसले होते, टक लावून. तिला पत्ता नाही. हिला दिसत नाही!

उठले. दहा सुया ओवल्या आणि तिच्या टाचण्यांच्या उशीत ओळीने टोचल्या. तिने हात फिरवला. एक, दोन, तीन... दहा. मग माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

बरं बाई. नाही सांगत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचे साहेब, व्हिटफील्ड, चारुताशी बोलत होते. गाडीत तिच्याकडून सगळं काढून घेतलं. कंपनी निघाली तेव्हापासून, एकतीस वर्षं, अर्नेस्टीन त्याच खुर्चीत. आता हात मंदावलाय, चुका होतात. एप्रिलचा खेळ नीट पार पडला तर राहील, नाही तर दुसरं माणूस. ती साहेबांना म्हणाली म्हणे, "या खुर्चीतून मला शवपेटीतच न्या."

डोळ्यांचं चारुताला सांगितलं नाही. हिच्या पोटात काही राहत नाही.

अर्नेस्टीन हिरव्या झग्याला तपकिरी दोऱ्याने टीप मारून बसली होती आज. ती जेवायला गेल्यावर उसवून बदलली.

७ मार्च, मंगळवार

माती खाल्ली. मीच.

प्रत्येक झग्याला चिठ्ठी असते, गाणाऱ्याचं नाव इंग्रजीत. माझी मराठी चौथी झालेली. इंग्रजी म्हणजे मुंग्यांची रांग. दासीचं काम करणाऱ्या ठेंगण्या पोरीचा झगा वीतभर आखूड करायचा होता. मी राणीचा केला! राणी म्हणजे डेलोरिस, सहा फूट बाई. झगा पोटरीवर आला. नशीब, कापला नव्हता – मी कापून टाकतच नाही कधी, आत दुमडून ठेवते. वाढत्या पोरींचे परकर असेच शिवले आयुष्यभर. उसवलं की परत लांब.

पण साहेब यायचे ते तेव्हाच आले. बोलले बरंच. मी खुणेने सांगितलं, चष्मा विसरले. चष्मा गळ्यात लोंबत होता!

मग अर्नेस्टीन उठली. काय बोलली कळलं नाही, पण बोट स्वतःच्या छातीवर होतं. माझी चूक अंगावर घेतली तिने. आधीच खुर्ची डगमगतेय आणि वर हे. मला संताप आला. कुणी सांगितलं होतं हिला?

१४ मार्च, मंगळवार

आज बघते तर प्रत्येक हँगरला दोरा! राणीच्या सगळ्या कपड्यांना लाल, दासीच्या पिवळा, राजाचा निळा. अक्षर दिसत नाही म्हणून रंगाची खूण करून घेतली बाईने स्वतःसाठी. हुशार आहे. त्यात माझंही आपोआप भागलं, मुंग्यांकडे बघायला नको.

सुया दहा.

४ एप्रिल, मंगळवार

तालीम होती. वस्तीतली शाळेची पोरं बोलावली होती, जमिनीवर बसली होती, ढकलाढकली चालली होती. डेलोरिस उभी राहिली. माईक नाही, काही नाही. तोंड उघडलं आणि खिडकीची काच थरथरली! एक पोरगी च्युइंगम चघळायची थांबली, ती शेवटपर्यंत.

गोष्ट अशी की राजा लढाईवरून परत येत नाही आणि राणी अर्धा तास गात गात मरते. मरताना एवढा दम कुठून येतो, देव जाणे. पण ऐकलं. आमचे हे, राजाराम, गेले ते आठवले असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मला आठवली माझी पायमशीन. इकडे यायच्या आधी विकली ती. ज्याने नेली त्याने टेम्पोत आडवी घातली होती.

अर्नेस्टीनने हातातलं काम खाली ठेवलं होतं. ती बघते त्यापेक्षा ऐकताना जास्त जागी असते.

९ एप्रिल, रविवार

काल खेळ झाला. चर्च गच्च भरलं. चारुता, अमेयसुद्धा आले.

राणी स्टेजवर जायला पाच मिनिटं, आणि झग्याची पाठीवरची चेन फाटली. वरपासून खालपर्यंत! अंगावरच शिवावं लागणार. मी पुढे होईपर्यंत अर्नेस्टीन झाली. सुई हातात, हात पाठीवर फिरतोय, कापड सापडेना. पहिलाच टाका डेलोरिसच्या कातडीत. ती किंचाळली. साहेब दारात उभे.

मी सुई काढून घेतली. पण आमच्यात अंगावरचं कापड शिवत नाहीत. अगदीच वेळ आली तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दोरा दातांत धरायचा, मग चालतं. आता हे या सहा फुटी बाईला कसं सांगू? दोरा तोडला, वळले – तर डेलोरिसच्या दातांत दोरा आधीच! अर्नेस्टीनने दिला होता. त्यांच्यातही तेच! तिच्या आईने शिकवलं असेल, मला माझ्या.

बावीस टाके. राणी गेली, गायली, मेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

साहेब टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी अर्नेस्टीनच्या डोळ्यांपुढे हात हलवला. हळूच, दोनदा. तिला कळलं नाही. मला कळलं.

११ एप्रिल, मंगळवार

खुर्ची रिकामी. उशीत शनिवारच्या सहा सुया तशाच.

मी सुई घेतली नसती तर राणी उघड्या पाठीने गेली असती. घेतली म्हणून ही उघडी पडली. काय करायला हवं होतं ते कुणी सांगावं.

२५ एप्रिल, मंगळवार

चारुता साहेबांशी बोलून आली. अर्नेस्टीन लेकीकडे डॅलसला राहायला गेली. जाताना सांगून गेली, खुर्ची मिस सूला द्या.

"मला नको," म्हटलं. "नाव वाचता येत नाही ती बाई तिथे बसून काय करणार?"

"दोऱ्यांच्या खुणा आहेत ना, आई."

त्या तिच्या आहेत. पण आहेत खऱ्या. बघू म्हटलं.

२ मे, मंगळवार

साहेब आवराआवर करत होते. कात्री घेऊन हँगरचे दोरे कापायला लागले – त्यांचं म्हणणं, अर्नेस्टीन गेल्या, आता हे कशाला? नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

डेलोरिसने त्यांचा हात धरला. भराभरा बोलली. चारुता मराठीत सांगता सांगता अडखळली.

"आई, ती म्हणतेय, अर्नेस्टीनबाईंना रंग कळायचे बंद होऊन वर्ष झालं होतं. दोरे बांधताना एकेक रीळ हिच्यापुढे धरून विचारायच्या – हा लाल ना? हा पिवळा ना?"

"दिसत नव्हते तर बांधले कुणासाठी?"

साहेबांनी कात्री खाली ठेवली.

राणीचा लाल दोरा जमिनीवर पडला होता. उचलला. परत बांधला.