मंदाचा टाक

प्रिय मंदे,

आज अविधवा नवमी. अमरावतीले तुह्या सासरी सवाष्ण जेवून राहिली असंल, तुह्या नावानं तिची ओटी भरून राहिले असतील. आमाले बोलावणं नाही. मी आज दुकान लावलं नाही. तुहे भाऊजी म्हणाले, अगं, माल सडंल. म्हणलं, सडू द्या.

चौथी शिकलेली बाई मी. तुह्या सासरची भाषा मले लिहिता येत नाही, आपलीच लिहिते. अन् मले रडता येत नाही हे तुले माहीत आहे. राग येते. तो मेलेल्या माणसाशिवाय काढू कोणावर? जित्याजागत्यावर काढून पाहिला, काही झालं नाही.

तेजूचं सांगायचं आहे. तुही पोरगी दहावीत गेली. उंचीनं तुह्यावर गेली अन् चालते बापासारखी, मान खाली घालून. तू काविळीनं गेली तवा फ्रॉकात होती.

पण पहिले तुह्यावरच येते. तुहा नवरा तवा शिकाले अकोल्यात होता, आपल्या दुकानावर रोज येऊन सांबाराची जुडी घ्यायचा, कोथिंबीर म्हणून मागायचा. मी तवाच म्हणलं होतं, मंदे, खोली करून राहणारं पोरगं रोज सांबार घेऊन काय करते? चटणीत आंघोळ करते का? तू हसली. हसली अन् गेली त्या चांदूर रेल्वेकडल्या जमिनीवाल्याच्या अमरावतीतल्या बंगल्यात. त्या घरानं आपली मेथी घेतली, आपले वांगे घेतले. आपल्याले नाही घेतलं. आमी माळी, दारातूनच परत. हे तुले आधी दिसलं नव्हतं काय?

अन् दिसल्यावर तू काय केलं? पोरीले दोन केलं. अकोल्याले येताना मूर्तिजापूर आलं का यष्टीतच तिचे बूट काढायची, पिशवीत घालायची, साधी चप्पल द्यायची. जाताना तिथंच चप्पल काढून बूट. तिकडं 'मला', इकडं 'मले'. तुले वाटे पोरगी दोन्हीकडं खपंल. भाजीचं तसं असते मंदे, कुठंही नेली तरी विकते. माणसाचं नसते.

तिकडं ती भेंडी घेताना टोक मोडून पाहते, तं तुही सासू म्हणते, रक्त कुठं जाणार. इकडं आमीही काही कमी केलं नाही. ती आली का तुहे भाऊजी खुर्ची पुसून द्यायचे. आमी सारे खाली, ती खुर्चीवर. आमाले चहा पेल्यात, तिले कपबशीत. ती म्हणे, मावशी, मले खाली बसू दे ना. मी म्हणायची, बस वं गपचूप, तुह्या बापाले समजलं तं काय म्हणंल? गल्लीतले पोट्टे तिले मॅडम म्हणत. आमी हसायचो. ती खुर्चीवर बसून हसायची, पाय खाली टेकत नव्हते तवापासून.

तू गेली अन् वर्ष सरत नाही तं तुह्या नवऱ्यानं दुसरी आणली. रेखा. तेल्हाऱ्याकडली आहे, साध्या घरची. बाई वाईट नाही, उगाच कशाले खोटं बोलू. तुही सासू मोठी नेमाची. पहिली रुसू नये म्हणून तिनं तुह्या नावाचा चांदीचा टाक करवला अन् रेखाच्या गळ्यात बांधला. रीत आहे, मी रीतीले नाव ठेवत नाही. पण तेजूले रोज समोर बसून जेवा लागे. बाप टेबलावर बाटली ठेवून पेते, तू होती तवा लपून पेत होता. बापाच्या बाजूले रेखा, अन् रेखाच्या गळ्यात तू. पोरीनं कुठं पाहावं?

यंदा पोळा झाला अन् दोन-चार दिवसांत ती भर दुपारी दुकानावर येऊन उभी राहिली. शाळेच्या ड्रेसवर, एकटी. पायात चप्पल, बूट दप्तरात. मूर्तिजापूरले कोणी सांगणारं नव्हतं तरी बदलले होते.

म्हणलं, सांगून आली का? तिनं दप्तरातून कंपासपेटी काढली. आत रुमाल, रुमालात टाक. रेखा आंघोळीले गेली का खिळ्याले अडकवून ठेवते, तिथून काढला म्हणे.

"मावशी, आईले घेऊन आली. आता आमी दोघी अथीच राहतो."

मले राग आला नाही. पहिल्यांदा आला नाही. मी तुले हातात घेतलं. नखाएवढी तू. नाकडोळे सोनारानं कोणाचे केले कोण जाणे, तुहे नाहीत. तरी ओल्या मेथीचा हात पदराले पुसून घेतलं अन् पोलक्यात ठेवलं.

त्या दिवशी दुकानावर खुर्ची नव्हती. ती माह्या बाजूले पोत्यावर बसली. जुड्या बांधल्या, पाणी शिंपडलं, वांगे कसे निवडाचे ते एका मास्तरणीले समजावून सांगितलं. तुह्यापेक्षा हात चलाख आहे तिचा. मास्तरणीनं विचारलं, पोरगी तुमचीच का? मी तोंड उघडाच्या आधी तेजू म्हणली, हो.

संध्याकाळी मी तुले आपल्या देव्हाऱ्यात ठेवाले गेली, खंडोबाच्या टाकाच्या बाजूले. तुह्या भाऊजीनं हात धरला. हळूच बोलले, पण तेजू तिथंच उभी होती.

"लेकीचा टाक माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. दिली ती त्यांची."

"मेल्यावरही?"

"मेल्यावर तं पक्की."

भांडली मी. खूप भांडली. घरात सून बाळंतपणाची, तिलेही भेव वाटे, दुसऱ्या घरची मेलेली बाई अथी नको. शेवटी तू रात्रभर कंपासपेटीतच राहिली, डाळीच्या डब्यावर. तेजू खाली झोपली, डब्याकडं तोंड करून. सासरी दुसरीच्या गळ्यात, माहेरी डाळीच्या डब्यावर. मंदे, तुही जागा नेमकी कुठं होती, हे तू कधी कोणाले विचारलं होतं काय?

सकाळी फोन. तुही सासू. मले वाटलं घाबरली असंल, जवान पोरगी रात्रभर घरी नाही. ती म्हणली, टाक तुमच्याकडे आलाय का? रेखाला रात्रीपासून ताप आहे. मी म्हणलं, तेजूही आली आहे. म्हणली, हो, ती असेलच.

दुपारी गाडी आली. तुहा नवरा दारात उभा. खुर्ची पुढं केली, बसला नाही. वास येत होता. टाक हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, शर्टाच्या खिशात टाकला. म्हणलं आता तोंड उघडा लागते.

"जावईबापू, पोरीले अथी राहू द्या. दहावी अथूनही होते."

मी भांडणाच्या तयारीत होती मंदे. पदर खोचला होता. मोठ्या घरचा माणूस ओरडंल, पोलिसाचं नाव घेईल, मंग मी काय काय बोलीन ते सारं रात्री पाठ केलं होतं. तो ओरडला नाही. म्हणला, "तिला राहायचं तर राहू दे," अन् गाडीकडं वळला.

असं. पिशवी विसरल्यासारखं. पोरगी आमाले भेटली होती, एका शब्दात, न भांडता. मी पदर खोचून उभी राहिली तशीच राहिली.

मागं वळून पाहते तं तेजू दप्तर भरत होती. म्हणलं, कुठं निघाली वं? बाप राहा म्हणते ना?

ती म्हणली, "मावशी, आईले एकटी कशी पाठवू?"

सांग ना, तू सांग. तो चांदीचा तुकडा आहे म्हणावं, तं काल मीच पोलक्यात ठेवला होता. तुही आई अथी आहे म्हणावं, तं अथी तुले जागा दिली नव्हती, तिनं आपल्या डोळ्यानं पाहिलं होतं. उंबऱ्यावर बसून तिनं बूट घातले. मूर्तिजापूरची वाट पाहिली नाही. चप्पल आमच्या दारात राहिली, ती अजून तिथंच आहे.

रेखाचा ताप उतरला. तुही सासू म्हणत असंल, पाहा, पहिली परत आली. मागच्या आठवड्यात रेखाचा चोरून फोन आला होता. बिचारी रडत होती. म्हणली, ताई, ती माझ्या तोंडाकडे बघतच नाही, गळ्याकडे बघते. पाणी वाढलं तरी गळ्याकडे. काढून ठेवायची हिंमत नाही, अन् घालून जेवण उतरत नाही. मी म्हणलं, घाल बाई. काढून ठेवला तं पोरगी तिथं कोणाकडं पाहील?

तेजूले मी फोन करते. अभ्यास आहे म्हणते. मावशी, मला वेळ नाही म्हणते. 'मला' म्हणते.

आता तुही वेळ. तुले तिथं बरं वाटते काय? पोरगी तुह्यासाठी तिथं थांबली आहे, तू तिच्यासाठी काय करून राहिली? रुसाचं असंल तं तिच्या बापावर रुस ना, रेखाले काहून ताप देते? अन् ते तू करत नसशील, साधाच ताप असंल, तं मंग पोरगी कोणासाठी गेली मंदे?

वचन मोठं देत नाही. तुले देव्हाऱ्यात बसवीन असं म्हणत नाही, घर आईकत नाही अन् मीही भांडून थकली. तेजू परत येईल असंही म्हणत नाही. येणार नाही. दहावी होईल, मंग पुण्याले धाडतील, मंग कुठंतरी देऊन टाकतील, अन् तिथंही ती बूट-चप्पल करत राहील.

एक करते. खुर्ची आज भंगारवाल्याले दिली. उद्यापासून दुकानावर माह्या बाजूले पोतं दुमडून अंथरीन. गिऱ्हाईकानं पिशवी ठेवली तं उचलाले लावीन. कोणी विचारलं, बाई, ही जागा कोणाची, पोरगी आहे का तुमची, तं आता माही पाळी आहे.

हो म्हणीन.

तुही मोठी,
शोभा