बोल्टांवरचे हिरवे ठिपके

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. निबंध लिहायचा म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तो पानं भरून लिहितोय म्हणजे एकतर याचं लग्न ठरलंय नाहीतर नोकरी गेलीय, असं तुला वाटणार. दोन्ही नाही. फोनच करणार होतो. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, तू भांडी घासत बोलतेस आणि सगळं घर ऐकत बसतं. हे सगळ्या घराने ऐकायचं नाही. आधी तू एकटीने वाच, मग दाजींना दे. दाजींनी वाचायलाच हवं, पण तुझ्यानंतर.

मी बरा आहे. लॉन्ड्रीतली नोकरी अजून टिकवलीय, म्हणजे बघ. हॉटेलांच्या चादरी येतात, नुसते ढीग. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे, आणि मशिन अडलं की सगळे माझ्या नावाने ओरडतात. दिवसभर वाफेत उभं राहायचं. आता जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून लिहितोय, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या तर दोष गठ्ठ्याचा. मुकादम मला विचारतो की बोल्ट आवळला की तू त्यावर रंगाचा ठिपका का देतोस, नजर काढतोस की काय. त्याला काय सांगणार, आमच्या बाबांची सवय आहे म्हणून. डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सगळी नोकरी तशीच काढली. ठिपका नाही तर बोल्ट आवळलेला नाही, मग हात कितीही दुखत असो. ठिपक्यांचं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी मध्ये रजा टाकून घरी गेलो ते कशासाठी, हे तुला अर्धंच माहीत आहे. बाबांचा फोन आला होता की गाडी पाणी पितेय. रोज रेडिएटर भरायचा आणि रोज तो रिकामा, खाली मात्र टिपूस नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, तुझ्या दाजीच्या हातात पडली तेव्हापासून पितेय. खरं सांगतो ताई, मला ते ऐकून बरंच वाटलं. वर्षभर दाजींचं एकच टुमणं चालू होतं की ती गाडी विका, आता कशाला ठेवलीय. आपण दोघं त्या गाडीच्या मागच्या सीटवर भांडून मोठे झालो, आणि चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने ती विकायला सांगायची. मी मनात म्हटलं, मुद्दाम खराब केली असणार, म्हणजे विकायला निमित्त.

घरी पोहोचलो तर फाटक हिरवं. मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा तपकिरी होतं. मी दचकलो, आपलंच घर ना म्हणून. आई म्हणाली, थंडीत रंगवलं बाबांनी, नुसतं बसवत नाही ना त्यांना. मग गाडी सुरू करून पाहिली. मागून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि तेलाचं झाकण उघडलं तर आत दुधाच्या सायीसारखं काहीतरी. तुला साध्या शब्दांत सांगतो. इंजिनाचं खालचं धूड असतं, त्यावर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. दोघांच्या मध्ये पत्र्यासारखी पातळ गॅस्केट. आतली आग, पाणी आणि तेल एकमेकांना भेटू नयेत एवढंच तिचं काम. ती गेली की तिघं भेटतात आणि घराची वाट लागते. म्हणजे हेड उतरवायचं, दुसरा इलाज नाही.

अंगणात जुनी चादर अंथरून मी कामाला लागलो. बाबा स्टुलावर बसले, मला पाना द्यायला. हेडवरचं पत्र्याचं झाकण काढतानाच माझ्या लक्षात आलं की इथे कुणीतरी नुकतंच येऊन गेलंय. नटांच्या कडा ताज्या खरचटलेल्या, एक वायसर उलटा. बाबांना विचारलं, गाडी कुणी उघडली होती का. ते म्हणाले, माझ्याशिवाय या गाडीला कोण हात लावणार, आणि मी तर उघडलेली नाही. आईला विचारलं, तर तिला नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी आठवलं. आपली आई खोटं बोलत नाही, आत निघून जाते. मी मनात नोंद केली की हिलाही ठाऊक आहे, आणि ही जावयाला पाठीशी घालतेय.

मग नवी गॅस्केट आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा टकल्या मला लहानपणापासून ओळखतो. तो म्हणाला, पुन्हा गॅस्केट? थंडीत तर नेली की तुमच्या दाजींनी. माझं डोकंच फिरलं. तिथूनच दाजींना फोन लावला. पुढचं तू ऐकलंच आहेस, कारण स्पीकर. मी विचारलं, गॅस्केट तुम्ही नेलीत का. दाजी म्हणाले, हो. बसवली कुणी? आम्हाला का नाही सांगितलं? तुमच्या पोटात पाप नसेल तर बोला की, असं मी म्हणालो, आणि अजून बरंच म्हणालो. ते फक्त बरं म्हणाले. मग तू फोन ओढून घेतलास आणि माझे कान उपटायची भाषा केलीस. मी तुझ्यावरही संशय घेतला, ताई. म्हटलं, ही पण त्यांच्यात सामील.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. बाबांनी शिकवलं तसं कडेच्या बोल्टापासून आत आत सैल करत गेलो आणि निघाला बोल्ट की पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचला, म्हणजे ज्याचा त्याच्या जागी परत जातो. हेड दोघांनी धरून उचललं. खाली गॅस्केट होती, आणि ताई, ती उलटी बसवलेली होती. वरची बाजू कुठली ते तिच्यावर कोरलेलं असतं. ती अक्षरं खाली तोंड करून पडली होती. त्यामुळे पाण्याची अर्धी भोकं बंद. असं इंजिन तापणार नाही तर काय करणार. बाबा वाकून बघत राहिले आणि मग जे हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, कुठल्या गाढवाने बसवलीय रे ही, याला पगार कोण देत होतं. मीही हसलो. म्हटलं, बाबा, असेल कुणीतरी चष्मेवाला. किती दिवसांनी आम्ही दोघं असं हसलो असू. आई खिडकीत उभी होती. ती हसली नाही.

बाबा गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडायला बसले. अजूनही हात असा चालतो त्यांचा की ओरखडा म्हणून उठत नाही. मी पुठ्ठ्यातला एकेक बोल्ट काढून रॉकेलमध्ये धुवायला लागलो. वरचा काळा चिकटा निघाला आणि खाली ठिपका दिसला. त्याचं मला नवल वाटलं नाही. त्या गाडीच्या बोल्टांवरून आपल्या घरात कुठला रंग कधी लागला ते सांगता येईल. फडताळाचा निळा आहे, फाटकाचा तपकिरी आहे. पण हा हिरवा होता. मी फाटकाकडे बघितलं. पुन्हा बोल्टाकडे बघितलं. दुसरा धुतला, त्यावर हिरव्यावर हिरवा, असे तीन थर. तिसऱ्यावर तसेच. मधल्या एकावर काहीच नाही. कुणाला तरी आवळलेला बोल्ट पुन्हा पुन्हा आवळावासा वाटत होता, आणि एक राहूनच गेला होता. माझ्याशिवाय काडीने ठिपका देणारा माणूस या जगात एकच आहे, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर स्वतःच्या कामाला अजून शिव्या देत होता.

मी पुठ्ठा फिरवून ठेवला. त्यांना दिसू नये म्हणून. पण थोड्या वेळाने त्यांनी हात लांब करून एक बोल्ट काढला, बराच वेळ बोटांत फिरवला आणि बरोबर त्याच भोकात परत खोचला. म्हणाले, आईला चहा टाकायला सांग. बस. त्यांना काय दिसलं, काय कळलं, मला अजून समजलेलं नाही.

चहा सांगायला आत गेलो आणि आईला विचारलं. या वेळी ती आत निघून गेली नाही, आतच होती. थंडीत बाबांनीच गाडी उघडली होती. गॅस्केट आणायला दाजींना फोन करून सांगितलं. दाजी घेऊन आले, तर बाबा पाने पसरून मध्ये बसलेले आणि पुढचं काही आठवेना. दाजी बिचारे दुपारभर पाने देत बसले. त्यांना इंजिनाचं वर कुठलं आणि खाली कुठलं ते कुठून कळणार. काम झालं आणि त्याच आठवड्यात बाबा विचारायला लागले की गाडीला कुणी हात लावलाय. आईने दाजींना शपथ घातली की पोरांना सांगायचं नाही, तुलाही नाही. पोरं गाडी काढून घेतील आणि मग हे खुर्चीतून उठायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. दाजी तरी गाडी विका, गाडी विका म्हणत राहिले. मी मात्र लक्षच दिलं नाही.

हेड पुन्हा बसवलं ते बाबांच्या सांगण्यावर. गॅस्केटची अक्षरं वर आहेत ना, हे मी तीनदा बघितलं आणि त्यांनी चौथ्यांदा. मग आवळायचा क्रम त्यांनी पाढे म्हणावेत तसा म्हटला, मधून कडेला, तिरका, समोरचा, एकदाही अडखळले नाहीत, आणि मी तसा आवळत गेलो. शेवटी फाटकाच्या रंगाचा डबा काढून मी काडीने ठिपके दिले. ते बघत होते. ठिपके देऊन झाले आणि ते म्हणाले, हं, कर आता सुरू, मधल्यापासून. मी म्हटलं, झालं की बाबा, हे ठिपके. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चोर आहे. ठिपके कुणी दिले, कधी दिलेस, मी कुठे होतो. पाना घेऊन ते स्वतः आवळायला लागले तेव्हा मला त्यांचं मनगट धरावं लागलं. बापाचं मनगट धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

गाडी मात्र अशी चालली म्हणून सांगू. धूर नाही, बुडबुडे नाहीत. बाबा खूश झाले. म्हणाले, चल, एक चक्कर. मी शेजारी बसलो. चालवतात छान, अजूनही गिअर कधी पडला ते कळत नाही. पण घराकडे वळायच्या जागी ते वळलेच नाहीत. सरळ जुन्या डेपोपर्यंत गेले, पूर्वी डेपोचं फाटक होतं तिथे गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. तिथे आता भिंत आहे. ते वॉचमनची वाट बघत राहिले. मग चिडून गाडी फिरवली ती रस्त्याच्या उलट्या बाजूला. समोरून शाळेची व्हॅन येत होती. मी स्टिअरिंग ओढलं. व्हॅनवाल्याने काच खाली करून शिव्या घातल्या, आणि मागच्या काचेतून पोरं आमच्याकडे बघत होती. बाबा म्हणाले, आजकाल लोकांना चालवताच येत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. निघायच्या दिवशी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी गाडीतून रोटर काढून घेतला. अंगठ्याएवढी वस्तू आहे, तिच्याशिवाय ठिणगी पोचत नाही आणि गाडी सुरू होत नाही. आता माझ्या खिशात आहे. गाडी घरीच राहू दे, ताई. ती पुसू देत, उघडू देत, पाने पसरून बसू देत, फक्त रस्त्यावर जाता कामा नये. म्हणून तू आजच टकल्याच्या दुकानात जा आणि सांग की बाबा आले तर रोटर संपलाय म्हणायचं, दर वेळी. आणि दाजींना म्हणावं, मी जे बोललो त्याबद्दल समोर येऊन पाया पडेन, पण त्याआधी अजून एक ओझं घ्या. बाबांना पहिल्याच दिवशी कळलं की रोटर नाही. शेवटी फिटर आहेत. ते मला रोज फोन करतात आणि रोज नव्याने सांगतात की रोटर कुणीतरी चोरलाय आणि त्यांना दाजींचा संशय आहे. मी हो म्हणतो. दाजींनी हा आळ अंगावर राहू द्यावा, दुसऱ्या कुणावर आला तर ते त्याच्या दारात जातील. कालही तसाच फोन आला. सगळं सांगून झालं, ते ठेवतील म्हणून मी थांबलो, पण ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, आणि तू नेला असशील तर वाफेत ठेवू नकोस, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव. मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. फडकं मी शोधलंय. इथे चादरी रग्गड आहेत, एका फाटक्या चादरीचा कोपरा घेतला.

तुझाच,
चुळबुळ्या